मोडेमचा दिवा आणि बगदादचा हेर

विंडोज ९८ च्या पडद्यावर उजवीकडे खाली, घड्याळाशेजारी, दोन चिमुकले संगणक एकमेकांना खेटून बसलेले असत. डायल-अपच्या काळात आपण इंटरनेटला जोडलेले आहोत की नाही, हे त्यांच्याकडे बघून कळायचे. एखादे पान मागवले की ते लुकलुकायचे, पान आले की स्वस्थ व्हायचे. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पण सगळ्या खिडक्या बंद आहेत, माऊसला कोणाचा हात नाही, घरात आवाज आहे तो फक्त एसीचा, आणि तरीही ते दोघे लुकलुकताहेत असे दिसले, की सालमियापासून फहाहीलपर्यंतच्या फ्लॅटांतल्या भल्याभल्या मराठी इंजिनियरांच्या कपाळावर आठ्या पडत. चित्रावर टिचकी मारून आलेल्या-गेलेल्या बाइटांचे आकडे बघावेत, तर तेही सावकाश वाढत असायचे. मग निष्कर्ष निघायला वेळ लागत नसे: कोणीतरी आत शिरले आहे. कोण, याची यादीही तयार असे. दळणवळण मंत्रालय, कंपनीचा मालक, सीआयए, आणि २००३ सालच्या सुरुवातीला तर थेट बगदाद. ही यादी नीट वाचली तर तिच्यात एकही किरकोळ असामी नाही, हे लक्षात येते. ज्याच्या संगणकात तीन बायोडेटा, मुलीच्या वाढदिवसाचे फोटो आणि भारतात पाठवलेल्या पैशांचा हिशेब यापलीकडे काही नाही, त्याच्यावर पाळत ठेवायला सद्दाम हुसेनपेक्षा खालच्या दर्जाचा माणूस चालत नाही. अनोळखी पॅकेटचा, म्हणजे इंटरनेटवरून ये-जा करणाऱ्या मजकुराच्या पुडक्याचा, संशयित आपण शक्यता बघून निवडत नाही, स्वतःची इभ्रत बघून निवडतो. आणि म्हणूनच खरा गुन्हेगार हाती लागायला एवढा उशीर होतो, असे माझे म्हणणे आहे.

हा रोग कुवेतमध्ये बळावायला काही स्थानिक कारणेही होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट खुले केले, तेव्हापासून मुंबईच्या माणसाला एक सवय लागली: काम झाले की लाइन तोडायची. इंटरनेटचे तास एकीकडे संपत आणि टेलिफोनचा मीटर दुसरीकडे पळत असे, त्यामुळे पॅकेटांकडे टक लावून बसण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. कुवेतमध्ये घरच्या फोनचे वर्षाचे भाडे भरले की स्थानिक कॉल फुकट. इंटरनेटची वर्गणी भरलेली असली की लाइन तोडायची घाई कोणाला? नाशिकहून आई तासभर फोन लावते आहे आणि तिला एंगेज टोन ऐकू येतो आहे, एवढीच काय ती अडचण. जो जितका जास्त वेळ जोडलेला, त्याच्या दारावर तितक्या जास्त थापा, हा साधा हिशेब आहे. शिवाय कुवेतमधल्या माणसाला घाबरण्याचा हक्कही थोडा जास्त आहे, हे मान्य करायलाच हवे. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे या देशात इराकी रणगाडे शिरले, आणि त्यानंतर सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी न्यावे लागले. २९ मार्च २००३ च्या पहाटे सूक शर्क या मॉलजवळ क्षेपणास्त्र येऊन पडले. ज्या शहरात हे घडते, तिथल्या माणसाने मोडेमचा दिवा लुकलुकला म्हणून दचकावे, यात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते नंतरच्या तपासाचे. क्षेपणास्त्र सोडायला कारण लागते, सैन्य लागते, खर्च करावा लागतो. पॅकेट सोडायला एक बिघडलेला प्रोग्रॅम पुरतो.

बरे, तो प्रोग्रॅम बहुधा आपल्याच घरात असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण संगणकाच्या आधीची असली, तरी तिचा खरा उपयोग नेटवर्क दुरुस्त करणाऱ्यांनाच आहे. विंडोज हा स्वभावाने बोलका प्राणी. ऑफिसातल्या जाळ्यात शेजारचे संगणक आणि प्रिंटर शोधता यावेत म्हणून तो १३७ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारावरून, अधूनमधून हाक मारतो, आणि डायल-अपवर असतानाही ही सवय सोडत नाही. अँटिव्हायरसला नवी यादी आली का ते बघायचे असते. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला आपली नवी आवृत्ती निघाली का, याची उत्सुकता असते. विंडोज एक्सपी तर आठवड्यातून एकदा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला वेळ विचारतो. मोडेमच्या पलीकडचा सर्व्हरही मधूनमधून 'आहेस का?' विचारतो आणि इकडून 'आहे' असे उत्तर जाते. पीपीपी या करारातली ती रीतच आहे. यातले काहीही आपल्याला विचारून होत नाही, त्यामुळे आपण केले नाही ते परक्याने केले असणार, असे आपण धरून चालतो. वीस मिनिटे हालचाल नसेल तर लाइन तोड, असे विंडोजला बजावून ठेवलेले असते; पण घरातलीच कुजबुज चालू राहिली की त्याला ती हालचाल वाटते आणि लाइन काही तुटत नाही. कार्यालयांत तर याहून गंमत. तिथे गरज पडली की आपोआप नंबर फिरवणारे राउटर असत. रात्री दोन वाजता कुलूपबंद ऑफिसात मोडेम किंचाळत उठतो, ही गोष्ट ऐकली की कोणालाही भूत आठवेल. उलगडा असा, की कोणत्या तरी टेबलावरच्या चालू राहिलेल्या संगणकाला नेटवर्कमधल्या दुसऱ्या संगणकाचे नाव हवे असायचे. ते जवळपास सापडले नाही म्हणून त्याने बाहेरच्या नावांच्या सर्व्हरला विचारायचे ठरवले, आणि त्यासाठी राउटरने इमानेइतबारे फोन लावला. भूत निघाले ते हिशेबनिसाच्या टेबलावरचे.

मग फायरवॉल आल्या. २००० च्या आसपास झोनअलार्मसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम घरोघरी पोचले, आणि आजवर नुसता दिवा लुकलुकत होता तिथे आता चौकट उगवू लागली: अमुक पत्त्यावरून तुमच्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न झाला, तो आम्ही हाणून पाडला. रखवालदाराने दर दहा मिनिटांनी येऊन 'एक चोर पळवून लावला' असे सांगितले, तर त्याचा पगार वाढतो आणि आपली झोप कमी होते. या चोरांची ओळख परेड घेतली तर काय दिसते? आपण एका साइटचा पत्ता नावांच्या सर्व्हरला, म्हणजे डीएनएसला, विचारला. लाइन संथ, म्हणून उत्तर यायला वेळ लागला. तोवर फायरवॉल प्रश्न विसरून गेली, आणि उत्तर घेऊन आलेल्या बिचाऱ्या पॅकेटला तिने ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून आलेला हल्लेखोर ठरवले. किंवा आपण गप्पा मारायला आयआरसीवर गेलो. तिथल्या सर्व्हरने जुन्या पद्धतीप्रमाणे आपल्या ११३ क्रमांकाच्या पोर्टवर येऊन 'हे गृहस्थ कोण?' असे विचारले. आपण त्यांच्या घरी न सांगता गेलो ते चालले. त्यांनी नाव विचारले तर घुसखोरी. डीएनएसच्या उत्तरांना हल्ला समजून आपल्याच इंटरनेट कंपनीकडे आपल्याच कंपनीविरुद्ध रागावलेले पत्र धाडणारे महाभाग जगभर होते, आणि अशी पत्रे वाचणारा तंत्रज्ञ हा त्या काळातला सर्वांत सहनशील नोकरदार असणार.

घरातले निर्दोष ठरले तर पुढचा संशयित कोण? इथे कुवेतमध्ये भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत असायला हवे. अब्बासियात तुम्ही फ्लॅट घेता, हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, किल्ली देतो, आणि पहिल्याच संध्याकाळी बेल वाजते. दारात उभा असलेला माणूस तुमच्याकडे आलेलाच नसतो. तो आधीच्या भाडेकरूकडे आलेला असतो: कोणी हप्ता मागायला, कोणी जेवायला. भाडेकरू मंगाफला गेला हे त्याला कोणी सांगितलेले नसते. डायल-अपवर नेमके हेच चाले, फक्त भाडेकरू दिवसातून अनेकदा बदलत. तुम्ही नंबर फिरवला की इंटरनेट कंपनी तिच्या ढिगातला एक आयपी पत्ता तुमच्या हाती ठेवते. पाच मिनिटांपूर्वी तोच पत्ता दुसऱ्या कोणाचा होता. तो गृहस्थ काझावरून गाणी उतरवत असेल, तर त्याच्याकडून गाणे घेणारे दहा अनोळखी संगणक आता तुमच्या १२१४ क्रमांकाच्या पोर्टवर धडका देणार. विंडोज एकदा दार वाजवून थांबत नाही. उत्तर नाही म्हणून तीन सेकंदांनी पुन्हा, आणि त्यानंतर सहा सेकंदांनी आणखी एकदा वाजवतो. अशा प्रत्येक पॅकेटचे वजन असते ४८ बाइट. तीन थापांचे १४४ बाइट, म्हणजे ३३.६ केबीपीएसच्या मोडेमला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. यात तुमचे काही जात नाही, गेली तर झोप जाते. आणि तुमची लाइन तुटल्यावर तुमचे पाहुणे पुढच्याच्या दारात उभे राहतात. तो तिकडे हवल्लीत बसून तुमच्या पुतण्याच्या याहू मेसेंजरला बगदादचा हेर समजत असतो.

वायरवर दोष ढकलणारा एक पंथही आहे. जुन्या इमारतीतली तांब्याची तार, दुसऱ्या खोलीतून कोणीतरी उचललेला रिसीव्हर, यामुळे लाइनवर खरखर येते आणि त्या खरखरीतूनच ही विचित्र पॅकेटे जन्मतात, असे या पंथाचे म्हणणे. ऐकायला पटते, पण टिकत नाही. खरखरीतून अक्षरे बिघडतात हे खरे. मात्र पीपीपीमध्ये प्रत्येक खेपेच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा असतो, आणि तो जुळला नाही तर अख्खी खेप फेकून दिली जाते. नारायणराव पेशव्यांच्या प्रकरणात वाटेत 'ध'चा 'मा' झाला असे आपण ऐकत आलो. त्या पत्राच्या खाली असा आकडा असता तर गारद्यांनी पत्र परत पाठवले असते. बिघडलेले पॅकेट त्रुटींच्या आकड्यात एकाची भर घालून मरते. कोणत्या तरी पोर्टचे दार वाजवण्याइतके शहाणपण खरखरीत नसते.

उरला तो जगाचा कचरा, आणि याला बऱ्यापैकी जुना पुरावा आहे. स्टीव्ह बेलोविन हे एटी अँड टीचे संशोधक. आपल्या कंपनीच्या वेशीवर येणारी आगंतुक पॅकेटे गोळा करून त्यांनी १९९३ साली त्यांवर एक निबंध लिहिला. फोडाफोडीचे प्रयत्न त्यात होतेच. पण त्यासोबत कोणाच्या तरी इमारतीपुरत्याच असायला हव्या होत्या अशा हाका जगाच्या दुसऱ्या टोकाहून येऊन पोचलेल्या होत्या. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जिथे एकही संगणक नाही अशा पत्त्यांवर कान लावले, तर तिथेही अखंड वर्दळ. तिला त्यांनी पार्श्वभूमी प्रारण असे खगोलशास्त्राला शोभेल असे नाव दिले. कोणीच राहत नाही त्या घराची बेलही वाजत असेल, तर आपल्या घराची वाजली म्हणून आपण खास ठरत नाही. पण सगळ्यांत बोलका दाखला २००३ च्या मे महिन्यातला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर पॅकेटांचा पूर आला; तो वाढत वाढत सेकंदाला अडीच लाखांवर गेला. एवढा पूर म्हणजे हल्ला, यात कोणालाही शंका आली नसती. तपासाअंती निघाले काय, तर नेटगिअर कंपनीने आपल्या घरगुती राउटरांत या सर्व्हरचा पत्ता कारखान्यातच कोरून ठेवला होता, आणि उत्तर आले नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे असेही शिकवले होते. असे सात लाखांवर राउटर विकले गेले होते. एका विद्यापीठाला वेठीला धरणारे सैन्य निघाले ते किती वाजले एवढेच विचारणाऱ्या बापड्या डब्यांचे.

आता आक्षेप. पहिला असा, की खरे हल्ले झालेच ना? झाले, आणि कुवेतला त्यातला एक तर अगदी मुहूर्त साधून मिळाला. स्लॅमर हा किडा, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, शनिवारी, २५ जानेवारी २००३ रोजी सुटला. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र उलटली होती. कुवेतमध्ये सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि सरकारी सुट्टी त्या काळी गुरुवार-शुक्रवार असल्यामुळे तो कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस होता. डोक्यावर युद्धाचे ढग, टेबलावर पहिला चहा, आणि इंटरनेट ठप्प. बगदादवर संशय घ्यायला याहून चांगली सकाळ मिळाली नसती. पण स्लॅमर होता केवढा? ३७६ बाइटांचा, म्हणजे या लेखातल्या एखाद्या लांब वाक्याएवढा. दहा मिनिटांत त्याने लागण होण्याजोग्या सर्व्हरांपैकी ९० टक्के गाठले, आणि ऐन भरात तो सेकंदाला साडेपाच कोटी पॅकेटे फेकत होता. इंटरनेटचे सगळे पत्ते ४२९ कोटी. भागाकार केला तर पृथ्वीवरच्या प्रत्येक पत्त्याला सरासरी सव्वा मिनिटात एक थाप येते: व्हाइट हाऊसलाही आणि फरवानियातल्या तिसऱ्या मजल्यालाही. यात निवड कुठे आहे? किडा फासे टाकतो आणि पडेल त्या घरी जातो. जुलै २००१ मधल्या कोड रेडच्या पहिल्या आवृत्तीला तर फासेही धड टाकता येत नव्हते. तिची प्रत्येक प्रत त्याच क्रमाने त्याच पत्त्यांची यादी घोकत बसे. तेव्हा हल्ला खरा, पण त्यात आपला मान नाही.

ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टरची गोष्ट याच न्यायाने वाचावी. त्याची बाधा झालेला विंडोज एक्सपी साठ सेकंदांत बंद होत असल्याची चौकट दाखवी आणि उलटी गिनती सुरू करी. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच प्रसिद्ध केलेला होता. पण तो उतरवायला डायल-अपवर चार-पाच मिनिटे लागत, आणि आयुष्य उरलेले असे एका मिनिटाचे. आठवड्याभरात वेल्चिया नावाचा दुसरा किडा आला. हा समाजसेवक होता. तो न विचारता घरात शिरे, ब्लास्टरला मारी, मायक्रोसॉफ्टचा उपाय आणून बसवी आणि पुढच्या घराकडे वळे. कोणाचे भले करायचे याची चौकशी करण्यासाठी त्याने ९२ बाइटांच्या एवढ्या हाका मारल्या, की ब्लास्टरने जेवढे नेटवर्क सुरळीत ठेवले होते तेवढेही याच्या उपकाराखाली दबले. एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हा किडा समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारे पाळत ठेवतात. ही काही कविकल्पना नाही. २०१३ मध्ये स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांनंतर तर त्यावर वाद उरला नाही. शिवाय आखातात काही साइट उघडत नाहीत, हे सर्वांनाच ठाऊक आहे. कबूल. पण ज्याला तुमचे बोलणे ऐकायचे आहे, तो तुमचे दार कशाला वाजवील? तुमचे प्रत्येक पॅकेट इंटरनेट कंपनीच्या खोलीतून आणि समुद्रातल्या केबलमधून जाते. ऐकणारा तिथे निवांत बसून ऐकतो, आणि त्याच्या ऐकण्याने तुमच्या मोडेमचा दिवा एकदाही जास्त लुकलुकत नाही. म्हणजे दिव्याची उघडझाप हा पाळतीचा पुरावा होऊच शकत नाही. फार तर दिवा शांत असताना काळजी करावी. केबलचा विषय निघालाच आहे तर २००८ आठवावे. ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, आणि दोनच दिवसांत दुबईच्या समुद्रात फाल्कन ही तिसरी. मुंबईपासून कुवेतपर्यंत इंटरनेट रडतखडत चालू लागले. एकापाठोपाठ तीन म्हणजे घातपातच, कोणत्या देशाला आंधळे करायचा डाव आहे, यावर आठवडाभर चर्चासत्रे झडली. दुरुस्ती करणाऱ्यांनी फाल्कनचे तुटलेले टोक शोधले, तेव्हा तिथे कोणाच्या तरी जहाजाचा टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर सापडला. एवढ्या मोठ्या कटाचा सूत्रधार गंजलेला होता.

तिसरा आक्षेप आळशी माणसाचा असतो, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. 'आमच्यामागे कोणी नाही ना, मग दार उघडे ठेवले तरी काय बिघडले?' असे तो म्हणतो. यातही पुन्हा स्वतःलाच मधोमध बसवलेले आहे. पहिल्याला वाटते की मी एवढा मोठा, माझ्यावर हल्ला होणारच. दुसऱ्याला वाटते की मी एवढा लहान, माझ्यावर हल्ला होणारच नाही. किडा दोघांचीही कुंडली बघत नाही. त्याला लागते फक्त दुरुस्त न केलेले यंत्र, आणि ते मोठ्यांकडेही असते, लहानांकडेही. घाबरण्यात जो वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात ती दुरुस्ती होते. पण दुरुस्तीची हकीकत शुक्रवारी चार माणसांत रंगवून सांगता येत नाही, हेरांची येते.

डायल-अप गेले, कुवेतमध्ये आता फायबर आणि फाइव्ह-जी आहे, आणि लुकलुकणारे संगणकही पडद्यावरून गेले. अनोळखी पॅकेटे मात्र तशीच येतात, आणि राउटरच्या नोंदींत ती कोणालाही बघता येतात. बघा जरूर, फक्त चौकशीचा क्रम बदला. आधी नेटस्टॅटची आज्ञा चालवून स्वतःचे यंत्र काय बडबडते आहे ते पाहा. मग आधी आपण काय विचारले होते आणि हे त्याचे उशिरा आलेले उत्तर तर नाही ना, हे तपासा. मग पत्त्याचा आधीचा मालक, मग जगाचा कचरा, मग किडे. एवढे सगळे निर्दोष सुटले तरच हेराकडे वळा. आणि हे सगळे करायच्या आधी, विंडोज गेले पंधरा दिवस जे अपडेट बसवू का म्हणून विचारते आहे, त्याला आजच्या आज हो म्हणा.